वाढदिवसाचं गिफ्ट: अडीचशेचं की पाचशेचं?

आमची मुलगी तिसरीत आहे. वर्गातले, फ्लॅट स्कीममधले आणि ट्यूशनचे धरून वर्षाला पंधरा-सोळा बड्डे होतात. पाचशेच्या हिशेबाने आठ हजार, अडीचशेच्या हिशेबाने चार. दोन वर्षं आम्ही पाचशेचं देत होतो, मागच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून अडीचशेवर आलो.

पाचशेत सोय आहे, हे मान्य. शनिवारी संध्याकाळी इथे नागपुरात बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. दुकानदाराला "पाचशेपर्यंत दाखवा" म्हटलं की पाच मिनिटांत पॅक करून हातात. खोका मोठा, लॉनवर पार्टी असली तरी संकोच वाटत नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि मार्क असलेलं, चार दिवस टिकेल असं खेळणं अडीचशेत शोधावं लागतं. लहान मूल असेल तर मी मार्क बघतोच, मग पन्नास-शंभर जास्त गेले तरी चालतात.

पण माझं मन फिरलं ते खोक्यावरच्या छापील किमतीमुळे. एकदा आम्ही ब्लॉक्सचा सेट घेतला. खोक्यावर ९९९, दुकानदाराने लावले ४८०. ती किंमत तशीच ठेवून आम्ही गिफ्ट दिलं, कारण खोडायला गेलं तर खोका खराब होतो. चार महिन्यांनी आमच्याकडे बड्डे होता. त्याच घरून एक सायन्स किट आलं. मुलीने रॅपर फाडलं तर आतून दुकानाचं बिल निघालं, ९५० रुपयांचं. त्या ताई बायकोला सहज म्हणाल्या, "तुम्ही एवढं दिलं होतं, मग आम्हालाही बरं वाटायला नको का?" आम्ही ४८०चं दिलं होतं, हे त्यांना सांगायचं कसं? आणि पुढच्या वर्षी आम्ही किती द्यायचं? त्या दिवशी आम्ही दोघं रात्री बराच वेळ यावरच बोलत बसलो. ज्या घरात महिन्याचा हिशेब आमच्यासारखाच ओढून-ताणून बसवतात, त्यांच्यावर आमच्यामुळे तो बोजा पडला, याचं वाईट वाटलं.

पुस्तकाचं तसं नसतं. किमतीवर दहा-वीस टक्के सूट मिळते, पण दुपटीचा फरक पडत नाही. दीडशे म्हणजे साधारण दीडशेच. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं अडीचशेत दोन-तीन येतात, वर रंगपेटीही बसते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, त्याचा दिवाळी अंक मी दरवर्षी दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवतो. इंग्रजी मीडियमच्या मुलांना मराठी वाचायला जड जातं, तिथे कोडी किंवा ओरिगामीचे कागद बरे. मुलाला पुस्तकाची गोडी नसेल, तर मात्र माझा सल्ला तुम्हाला लागू नाही.

पाकिटाचं थोडक्यात: २०१ किंवा २५१ नातेवाइकांत चालतं. वर्गमैत्रिणीच्या बड्डेला मुलगी पाकीट देते तेव्हा समोरची मैत्रीण ते तसंच आईकडे सोपवते. उघडून बघायला तिच्या हातात काहीच राहत नाही.

भाचा-भाची, किंवा मुलीची एकदम सख्खी मैत्रीण, इथे पाचशे काय, हजारही खर्च करा, ते नातं वेगळं. बाकीच्यांना आम्ही अडीचशेच धरतो, पार्टी घरी असो की हॉलमध्ये. सुरुवातीचे दोन-तीन बड्डे जड गेले, बायकोला वाटायचं लोक काय म्हणतील. कोणी काही बोललं नाही. आणि पुस्तकामागची किंमत मी आता नखाने खरवडत नाही, तशीच राहू देतो.