पाठीवर 19 नंबर असलेली व्हिलाची जुनी जर्सी: चार महिने वापरून

व्हिडिओ कॉलवर जर्सी दाखवली तर आईचा पहिला प्रश्न, "दुसऱ्याच्या अंगावरचं कशाला घेतलंस रे? पगार कमी पडतोय का?" हे दुसऱ्याच्या अंगावरचं 48 पौंड मोजून घेतलंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

वस्तू अशी: अ‍ॅस्टन व्हिला या बर्मिंगहॅमच्या फुटबॉल क्लबची 2011-12 हंगामातली घरच्या मैदानावरची जर्सी. नायकीची, मरून आणि आकाशी, छातीवर प्रायोजक गेन्टिंगचं नाव, पाठीवर पेट्रोव्ह आणि 19. घेतली जुन्या जर्सी विकणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन दुकानातून. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं तशी वाईट नाहीत.

हीच का, ते आधी सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमधली पेठापेठांची ईर्षा बघत वाढलो, त्यामुळे बर्मिंगहॅमला नोकरीला आल्यावर ऑफिसातल्या एकाने व्हिलाच्या मैदानावर, व्हिला पार्कला, चल म्हटलं तर एका पायावर तयार. 2012 च्या शेवटाकडची मॅच. समोर कोण होतं तेही आता आठवत नाही. होल्ट एंड नावाच्या स्टँडमध्ये बसलो होतो. खेळ रटाळ चाललेला, बॉल मधल्या मैदानातच घुटमळतोय, आणि अचानक सगळा स्टँड उठून टाळ्या वाजवायला लागला. मला वाटलं गोल झाला आणि मी मोबाइलमध्ये होतो! स्कोअर बघितला तर तोच. शेजारी बसलेल्या आजोबांना विचारलं, त्यांनी टाळ्या न थांबवता हनुवटीनेच घड्याळाकडे खूण केली. एकोणिसावं मिनिट चालू होतं. मिनिट संपलं, लोक खाली बसले आणि परत आपल्याच बचावफळीला शिव्या सुरू.

बाकीची गोष्ट मित्राने मध्यंतरात सांगितली. स्टिलियन पेट्रोव्ह, बल्गेरियाचा, व्हिलाचा कर्णधार. 24 मार्च 2012 ला आर्सेनलविरुद्ध खेळला, त्यानंतर ताप आला, तपासण्या झाल्या आणि 30 मार्चला क्लबने जाहीर केलं: तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. वय 32. दुसऱ्याच दिवशी घरच्या मैदानावर चेल्सीशी मॅच होती आणि पेट्रोव्ह ती बघायला स्वतः आला होता. त्याचा नंबर 19, म्हणून एकोणिसाव्या मिनिटाला टाळ्या. चेल्सीवालेही उभे राहिले. मॅच व्हिला 4-2 अशी हरली.

त्याच्या दोनच आठवडे आधी, 17 मार्चला, टॉटनहॅमच्या मैदानावर बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा खेळता खेळता कोसळला होता. 78 मिनिटं हृदय बंद, तरी वाचला. दोन्हीकडचे प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करत होते. मुआम्बा पूर्वी बर्मिंगहॅम सिटीकडून खेळलेला, म्हणजे व्हिलावाल्यांच्या हाडवैऱ्यांकडून. त्या महिन्यात ते कोणी मोजलं नसावं.

मला खरं अप्रूप पुढच्या भागाचं. एक दिवस टाळ्या कोणीही वाजवेल. इथे त्या पुढच्या हंगामातही चालू राहिल्या, आणि काय हंगाम होता तो! डिसेंबर 2012 मध्ये चेल्सीने 8-0 धुतलं. त्याच्या आधीच्या हंगामात प्रशिक्षक मॅकलीश थेट शेजारच्या बर्मिंगहॅम सिटीतून आलेले, म्हणून प्रेक्षक त्यांच्यावर उखडलेले. टीमवर इतका राग असताना एक मिनिट बाजूला काढून ठेवायचं. ऑगस्ट 2012 मध्ये पेट्रोव्हचा आजार आटोक्यात आल्याची बातमी आली, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. मे 2013 मध्ये तो निवृत्त झाला. सप्टेंबरमध्ये ग्लासगोला, त्याच्या जुन्या क्लबच्या, सेल्टिकच्या, मैदानावर, त्याच्या नावाने धर्मादाय सामना झाला तर सुमारे 60 हजार लोक जमले. तिथेही तो 19 नंबरच घालायचा.

आता जर्सीकडे. कापड उत्तम. बारा-तेरा वर्षांचं असून रंग उडालेला नाही, काखेत थोडा विटलाय एवढंच. नाव-नंबर त्या काळच्या मखमली स्पर्शाच्या अक्षरांत आहेत. हल्लीच्या प्लास्टिकसारख्या चकचकीत नंबरांपेक्षा मला हे कधीही पसंत. खरी-खोटी ओळखायची तर आतल्या छोट्या लेबलवरचा कोड इंटरनेटवर टाकून बघा. त्याच जर्सीचा फोटो यायला हवा. माझा आला.

तक्रारी दोन. साइज एल लिहिलंय, पण बसते एमसारखी, आणि माझं पोट आता कोल्हापुरातलं राहिलेलं नाही. दुसरी, 'पी'चा कोपरा सुटत होता. दुकानाच्या फोटोत ते अक्षर सोयीस्करपणे घडीत गेलं होतं. मेल केला, तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी माफी आणि सहा पौंड परत. मी बेकिंग पेपर ठेवून हलक्या इस्त्रीने कोपरा चिकटवला, पण हे तुमच्या जबाबदारीवर करा. थेट इस्त्री फिरवलीत तर मखमल गेली. धुताना उलटी करून, गार पाण्यात, आणि ड्रायरमध्ये अजिबात नाही.

घालून तीन मॅचना गेलो. दुसऱ्या वेळी मैदानाजवळच्या विटन स्टेशनच्या रांगेत मागून कोणीतरी पाठीवर बोट टेकवलं. साठीची बाई, बरोबर नातू. त्याला माझ्या पाठीवरचा नंबर दाखवून ती सगळी हकिकत सांगत होती, ट्रेन येईपर्यंत. मला फक्त पाठ स्थिर धरायची होती.

दुकानाला पाचपैकी तीन, जर्सीला साडेचार. त्यांच्याकडे याच हंगामाची, नाव-नंबर नसलेली, एक एल पंधरा पौंडांनी स्वस्त आहे. ती घेऊन वर नवा 19 छापून घेता येतो का, असं मला एकाने विचारलं. येतो. पण अक्षरं त्या वेळची मिळणार नाहीत, आणि साइजचं मी वर सांगितलंच आहे, एक्सएलच बघा.