शाखा जोडायच्या आहेत: एमपीएलएस घ्यावं की इंटरनेटवर एसडी-वॅन?

कंपनीच्या चार-सहा शाखा झाल्या की नेटवर्कचा विषय आयटीवाल्यांच्या खोलीतून उठून मालकाच्या टेबलावर येतो. एक पुरवठादार एमपीएलएसचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नेटवर्कमधून शाखा जोडून देण्याचा, करार पुढे करतो. दुसरा म्हणतो, साध्या इंटरनेट लाइन घ्या, वर एसडी-वॅनचे, म्हणजे कोणता डेटा कोणत्या लाइनने जाईल ते सॉफ्टवेअरने ठरवणारे, बॉक्स बसवा, काम झालं. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक मध्यम आकाराच्या व्यवसायांनी आज दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन आणि त्यावर एसडी-वॅन हाच मार्ग धरावा. पण या 'बहुतेकां'मध्ये तुम्ही बसता का, हे लाइन किती एमबीपीएसची आहे यावरून ठरत नाही. तुमचा डेटा कुठून निघतो आणि कुठे जातो, त्यावरून ठरतं.

दोन्हींत फरक काय?

एमपीएलएसचं मूळ मानक 2001 चं. पुरवठादाराच्या नेटवर्कमध्ये शिरताना प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) 20 बिटांचं लेबल लागतं आणि आतले राउटर ते लेबल पाहूनच पॅकेट पुढे ढकलतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत नेटवर्क त्याच पुरवठादाराच्या ताब्यात असल्यामुळे विलंब, जिटर (विलंबातला चढउतार) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी पॅकेट) किती राहील, हे तो करारात लिहून देऊ शकतो. आवाजाच्या पॅकेटना पुढची रांगही देऊ शकतो. एक गैरसमज मात्र पक्का रुजलेला आहे: एमपीएलएस खासगी असतं, म्हणजे एन्क्रिप्टेड (दुसऱ्याला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) असतं. तसं नाही. तुमचा डेटा इतरांच्या डेटापासून वेगळा राहतो, एवढंच. एन्क्रिप्शन हवं असेल तर ते तुम्हालाच वरून करावं लागतं.

एसडी-वॅनमध्ये लाइन कुणाचीही चालते. शाखांमधले बॉक्स एकमेकांत एन्क्रिप्टेड टनेल उभारतात, प्रत्येक लाइनचा विलंब आणि लॉस सतत मोजतात आणि कोणतं अॅप्लिकेशन कोणत्या लाइनने पाठवायचं ते ठरवतात. नियम एका जागेवरून बदलता येतात. मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. मधल्या इंटरनेटवर कुणा एकाची मालकी नाही, त्यामुळे 'हा आवाज आहे, आधी सोडा' ही तुमची खूण तिथे कुणी पाळेल याची खात्री नाही. बॉक्स दोनांतली बरी लाइन निवडतो. दोन्ही खराब असतील तर त्याच्याही हातात काही उरत नाही.

डेटा जातो कुठे?

सगळं काम मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर चालायचं, तेव्हा प्रत्येक शाखा मुख्य कार्यालयाला जोडणं सरळ होतं. आता मेल, फाइली, मीटिंग, हिशेब असं बरंच काही क्लाउडवर गेलंय. जुन्या रचनेत शाखेतलं पॅकेट आधी मुख्य कार्यालयात जातं, तिथल्या फायरवॉलमधून इंटरनेटवर निघतं आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो. मुख्य कार्यालय 1,000 किलोमीटरवर असेल, तर जाण्या-येण्याचे किमान 10 मिलिसेकंद या वळशातच गेले. त्याहून मोठा त्रास म्हणजे सगळ्या शाखांच्या व्हिडिओ मीटिंग एकाच लाइनवर येऊन आदळतात. मायक्रोसॉफ्टचाही आपल्या 365 सेवेसाठी सल्ला आहे की शाखेचा डेटा शाखेतूनच इंटरनेटवर सोडावा. तुमचा बराचसा डेटा क्लाउडवर जात असेल, तर एमपीएलएसवर तुम्ही वळशाचे पैसे भरताय.

उलट, कारखान्यातलं उत्पादन मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर अवलंबून असेल आणि क्षणभराचा खंडही परवडत नसेल, तर त्या जागेचं एमपीएलएस काढू नका. एका कंपनीत दोन्ही ठेवता येतं, आणि अनेकदा तेच योग्य असतं.

आधी मोजा

पुरवठादाराला बोलावण्यापूर्वी निदान दोन शाखांची वाहतूक आठवडाभर मोजा, त्यात महिनाअखेर येऊ द्या. राउटरच्या नेटफ्लोसारख्या नोंदींतून कोण कुणाशी बोलतं ते कळतं. मोजताना पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबू नका. समजा, पाच मिनिटांतले 30 सेकंद लाइन पूर्ण भरलेली होती आणि उरलेला वेळ 30 टक्के. आलेखावर 37 टक्के दिसतील, सगळं आलबेल वाटेल. पण त्याच 30 सेकंदांत ग्राहकाशी चाललेला कॉल तुटक झालेला असतो. जी.711 या आवाजाच्या नेहमीच्या पद्धतीचा एक कॉल मूळ 64 केबीपीएसचा, हेडर (पॅकेटवरची पत्त्याची माहिती) धरूनही 100 च्या आत. त्याला रुंद लाइन लागत नाही, वेळेवर पोचणारी लाइन लागते.

'फाइल हळू जाते, लाइन दुप्पट करा' हेही तपासल्याशिवाय मान्य करू नका. जुन्या सॉफ्टवेअरची टीसीपी विंडो (पोच येण्याआधी एका दमात पाठवता येणारा डेटा) 64 केबीवर अडलेली असेल आणि जाण्या-येण्याला 100 मिलिसेकंद लागत असतील, तर एका कनेक्शनला सुमारे 5 एमबीपीएसच मिळतात. मग लाइन 50 ची असो की 500 ची.

बंद पडली तर?

99.9 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, 99.5 टक्के म्हणजे जवळजवळ 44 तास. करार मोडला तर सहसा बिलात सूट मिळते, बुडालेल्या धंद्याची भरपाई नाही. दोन साध्या लाइन प्रत्येकी 99 टक्के चालत असतील आणि खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा हिशेब वर्षाला तासाभराच्या आत येतो. सगळी मेख 'खरोखर स्वतंत्र' या दोन शब्दांत आहे. कंपन्या वेगळ्या, पण दोघांच्या केबली इमारतीत एकाच डक्टमधून येत असतील, तर खोदकामाच्या एका फटक्यात दोन्ही जातात. केबलचा मार्ग लेखी मागा. शक्य असेल तिथे एक फायबर आणि एक वायरलेस घ्या.

सांभाळणार कोण?

हा भाग सगळ्यात कमी लेखला जातो. एमपीएलएस बिघडलं की एकच फोन नंबर. एसडी-वॅनमध्ये प्रत्येक शाखेचे दोन लाइनवाले, बॉक्सचा परवाना, सॉफ्टवेअर अपडेट, आणि शाखेतून थेट इंटरनेट सुरू झाल्यामुळे तिथलीही सुरक्षा. एक नेहमीची डोकेदुखी पाहा: इथरनेटचं पॅकेट 1,500 बाइटचं, टनेलची हेडर लागली की आतल्या डेटाला 1,400 च्या आसपासच जागा उरते. मध्ये कुणी 'पॅकेट मोठं आहे' असं कळवणारे आयसीएमपी संदेश अडवले असतील, तर लॉगिन होतं, छोटा मेल जातो, पण मोठी अटॅचमेंट लटकते. पिंग व्यवस्थित येत असल्यामुळे लाइनवाला हात वर करतो. ज्याला टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी करायचं सुचतं, तो हे दहा मिनिटांत सोडवतो. असा माणूस घरात नसेल, तर एसडी-वॅन व्यवस्थापनासह विकत घ्या. पण कन्सोल पाहण्याचा हक्क आणि कॉन्फिगरेशनची प्रत तुमच्याकडेच ठेवा. परवान्याची मुदत संपल्यावर काय चालू राहतं, तेही लेखी घ्या.

बदल करायचा ठरला, तर आधी एकच शाखा हलवा आणि एमपीएलएस एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तोडू नका. जुना करार आपोआप वाढतो का आणि किती दिवस आधी नोटीस लागते, ते बघा. मग कामाच्या वेळेत, एक कॉल चालू असताना आणि एक मोठी फाइल जात असताना, मुख्य लाइनची केबल हाताने उपसा. कॉल टिकला की तुटला, फाइल पुढे गेली की पहिल्यापासून सुरू झाली, बॉक्सला दुसऱ्या लाइनवर यायला किती सेकंद लागले, हे लिहून काढा. शेवटचं बिल या चाचणीनंतरच द्यायचं, ही अट खरेदीच्या ऑर्डरमध्येच घाला.