सिल्कसाँग, पाच महिन्यांनंतर: खेळापेक्षा तारखेबद्दल जास्त

'सिल्कसाँग' या व्हिडिओ गेममधले बॉस (मोठे शत्रू), नकाशा, संगीत यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते तारखेबद्दल.

घोषणा फेब्रुवारी २०१९ ची. मुळात हा आधीच्या 'हॉलो नाइट' या खेळाला किकस्टार्टरवर वर्गणी देणाऱ्यांना कबूल केलेला जोडभाग. तो वाढत वाढत स्वतंत्र खेळ झाला आणि हाताशी काम भरपूर शिल्लक असतानाच सांगून टाकला. चूक झाली ती इथंच. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात 'येत्या बारा महिन्यांत' म्हणून दाखवला, मे २०२३ मध्ये पुढं ढकलला. लोक वर्षानुवर्षं प्रत्येक कार्यक्रम डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. शेवटी २१ ऑगस्ट २०२५ ला तारीख आली, ४ सप्टेंबर. मध्ये फक्त चौदा दिवस.

त्या दिवशी आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला विक्री सुरू झाली. बेळगावात गणपतीची धामधूम, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर. आगाऊ नोंदणी नाही, आधी उतरवून ठेवायची सोय (प्रीलोड) नाही, त्यामुळं जगभरचे लोक एकाच मिनिटाला धडकले आणि स्टीम, प्लेस्टेशन, निन्टेन्डोची ऑनलाइन दुकानं कोलमडली. स्टीमवर कार्टमध्ये घालायचं, पैसे भरायच्या पानावर एरर, परत पहिल्यापासून. प्रीलोड न देणं हा शुद्ध निष्काळजीपणा, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. स्टोअरवर ८ जीबी जागा लिहिलीय. खानापूरकडच्या गावात रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर, वर पावसात लाईट गेलेली, म्हणजे काही दिवसांचं काम की!

आता ते मत बदललंय. प्रीलोड नव्हतं, पण आगाऊ नोंदणीही नव्हती, म्हणून कुणाचा एक रुपयाही अडकून पडला नव्हता. उलट 'सायबरपंक २०७७' बघा. १६ एप्रिल २०२० ही तारीख आदल्या वर्षी जूनमध्येच दिली. मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, शेवटी १० डिसेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'गोल्ड' झाल्याचं सांगितलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी परत २१ दिवस पुढं ढकलला. गोल्ड म्हणजे डिस्क छापायला देण्याइतकी प्रत तयार. पहिल्या दिवसाच्या पॅचचं, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटचं, काम त्यानंतरही चालूच असतं, हे ग्राहकाला कोण सांगतो? जुन्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर तो इतका वाईट चालला की सोनीनं आठवड्याभरात दुकानातून काढला, तो जून २०२१ मध्ये परत आला. तारखा सरकत होत्या तेवढा काळ आगाऊ पैसे मात्र भरलेलेच.

म्हणून स्टीमचा नियम लक्षात ठेवा. आगाऊ घेतलेला खेळ बाजारात येण्याआधी कधीही परत करता येतो. आल्यावर १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळणं, दोन्ही अटी पाळाव्या लागतात. जादा पैसे देऊन काही दिवस आधी खेळायला मिळतं, ते तासही यात धरतात. दुकानदाराकडं डिस्कसाठी दिलेल्या ॲडव्हान्सला यातलं काहीच लागू नाही, आणि 'जीटीए ६' हा खेळ आधी २०२५, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६ असा सरकलाय. ॲडव्हान्स देऊ नका.

सिल्कसाँगच्या खेळाबद्दल एकच तक्रार, मण्यांची, म्हणजे खेळातल्या पैशांची. मेलात की जवळचे सुटे मणी तिथंच पडतात आणि परत पोचण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. माळ ओवून घेतली तर सुरक्षित, पण सुरुवातीच्या भागात ६० मण्यांच्या माळेला ८० मोजावे लागतात. वीस मणी ओवणावळ! तरीही ओवा. सुरुवातीलाच काही शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे (जीव मोजायचं माप) उडवतात, तिथं सुटे मणी टिकत नाहीत. सप्टेंबरमधल्याच पॅचनं मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस थोडे सोपे केले, बाकांचे (विसाव्याच्या जागांचे) आणि बेलवेचे (प्रवासाच्या थांब्यांचे) दर उतरवले. त्याआधी वैतागून सोडला असेल तर आता परत लावून बघा.

डिसेंबरमध्ये 'सी ऑफ सॉरो' हा मोफत विस्तार जाहीर झाला. फक्त '२०२६' एवढंच सांगितलंय, महिना नाही. २०१९ ला हेच केलं असतं तर बरं झालं असतं.