ग्लेनकोलमकिल फोक व्हिलेज, डोनेगल, आयर्लंड: आधी छप्पर बघा

डब्लिनहून गाडीने चारेक तास. किलीबेग्ज बंदर मागे पडलं की रस्ता चिंचोळा होतो, आणि आमच्या भाड्याच्या गाडीच्या वायपरने नेमकी तिथेच मान टाकली. तरी पोचलो ते बरं झालं.

समुद्राच्या अंगाला चुना लावलेली, गवताने शाकारलेली बुटकी घरं. हे खुलं संग्रहालय; जुन्या घरांच्या या प्रतिकृती आहेत, उगाच 'अस्सल' शोधत बसू नका. गावातली तरुण पोरं पोटासाठी परदेशी चालली होती, तेव्हा इथले पाद्री जेम्स मॅकडायर यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून 1967 मध्ये हे उभं केलं.

मी कोकणातला. मे महिन्यात बाबांबरोबर शाकारणीला चढायचो, त्यामुळे नजर आधी छपरावर. गवतावरून दोर टाकलेत आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना आवळून बांधलेत. छपराच्या कडा गोलसर. अटलांटिकच्या वाऱ्याला पकडायला कोपराच ठेवलेला नाही. एक दोर जरा ओढून बघितला, तर बायको म्हणाली, "अरे सोड, घर उडेल!"

आत सगळं चुलीभोवती. जळण म्हणजे टर्फ: दलदलीतून विटेसारखी कापून, रचून वाळवलेली माती. पूर्वी ही चूल विझू देत नसत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी उकरून त्यावरच नवं जळण. सोडा घातलेला पाव जाड लोखंडी भांड्यात भाजायचा, झाकणावरही निखारे. आजी धोंडस असंच करायची, फक्त तिच्याकडे काकडी आणि गूळ होता! या भागातल्या घरांत चुलीजवळच्या भिंतीला बाहेर फुगवटा काढून तिथे पलंग बसवत; घरातल्या म्हाताऱ्यांची ती ऊबदार जागा. दाराचे दोन भाग, खालचा लावलेला: कोंबड्या बाहेर, पोरं आत, उजेड मात्र येतो.

फर्निचर, भांडीकुंडी ठीक. ती इतर संग्रहालयांतही दिसतात.

हिवाळ्यात बंद असतं, चौकशी करूनच निघा. लहान मुलांना तासभर पुरेल, मला तीन तास कमी पडले. पाचपैकी साडेचार.

रात्री बाबांना खुंट्यांचे फोटो पाठवले. लगेच उलट प्रश्न आला: "दोर दरवर्षी बदलतात का?" तेवढंच विचारायचं राहिलं.