फुकुसायाचा कास्तेरा: आधी खालचा कागद सोला

दिसायला हा साधा पिवळा स्पंज केक. पहिला घासही तसाच वाटतो, आणि मग दाताखाली साखर कुरकुरते. जाड दाण्यांची झारामे साखर तळाशी अर्धवट विरघळून बसलेली असते. या केकची खरी गंमत तीच. नवखे लोक तळाचा कागद झटक्यात ओढतात आणि निम्मी साखर कागदाबरोबर जाते. एक कोपरा धरून, कागद केकला जवळजवळ समांतर ठेवत हळू सोलायचा. सुरी प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसली नाही तर पुढची वडी फाटलीच म्हणून समजा.

फुकुसाया हे नागासाकीतलं १६२४ पासूनचं दुकान, डब्यावर वटवाघळाची खूण. अंडी, साखर, गव्हाचं पीठ आणि मिझुआमे, म्हणजे स्टार्चपासून केलेला घट्ट पाक, एवढंच सामान. लोणी, दूध, बेकिंग पावडर काही नाही; फुगवटा सगळा फेटलेल्या अंड्यांचा. पांढरं आणि बलक वेगळे फेटतात, आणि अंडं फोडण्यापासून भाजण्यापर्यंतचं काम एकच कारागीर करतो.

पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले. १५७१ पासून नागासाकी त्यांचं बंदर झालं. गोव्याहून निघालेली जहाजं मलाक्का, मकाव करत तिथे जात. चिनी रेशीम द्यायचं, जपानी चांदी घ्यायची. त्याच वाटेने हा केक आला. कास्तेरा हे नाव ‘पाओ द कास्तेला’वरून, म्हणजे कास्तीलचा (स्पेनमधल्या जुन्या राज्याचा) पाव, आल्याचं मानतात. तो ‘पाओ’ आपल्याकडे पाव झाला, जपानीत पान.

जपान आणि पोर्तुगालच्या मैत्रीची वर्षं १५४३ पासून मोजतात, पण मध्ये मोठी खिंड आहे. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं, दुसऱ्या वर्षी मकावहून बोलणी करायला आलेल्या शिष्टमंडळातल्या बहुतेकांचा शिरच्छेद झाला, आणि पुढचा तह थेट १८६० चा. केक मात्र थांबला नाही. नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा बेटावर डच साखर उतरवत राहिले आणि नागासाकीकर अंडी फेटत राहिले. ओलसरपणा देणारा मिझुआमे तर मेजी काळातली (१८६८ ते १९१२) भर. आज डब्यातून निघतो तो केक चांगलाच जपानी झालेला आहे. पोर्तुगालातला त्याचा भाऊबंद पाओ द लो काही गावांत मधोमध मुद्दाम कच्चट, पळीवाढा ठेवतात. कास्तेऱ्यात तसं झालं तर तो बिघडला.

घरी करायचा तर ४ अंडी, ११० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम ब्रेडचा मैदा, २ मोठे चमचे मध. साधा मैदा चालतो, पण जाळी सैल पडते. पत्र्याच्या डब्यात कडा आधी करपतात. जपानी कारागीर म्हणूनच लाकडी चौकट वापरतात. वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्यांची चौकट करून आत बेकिंग पेपर लावला तरी भागतं. मिश्रण ओतल्यावर काडीने नागमोडी रेघा ओढून मोठे बुडबुडे फोडा, नाहीतर कापल्यावर भोकं दिसतात. १७० अंशांवर १० मिनिटं, मग १५० वर साधारण ४५. गरम असतानाच उलटा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. ताजा कापलात तर भुसभुशीत, कोरडा लागेल, आणि दोष रेसिपीला द्याल.

विकत घेताना आधी ‘क्यूब’ घ्यावा: छोट्या खोक्यात दोन वड्या आणि काटा, चव कळायला पुरे. ‘गोसान’ प्रकारात बलक आणि साखर जास्त, पीठ कमी. दाट आणि महाग. नुसत्या गोडाने ज्यांचं तोंड मिटतं त्यांनी साधाच घ्यावा. अंडी न खाणाऱ्यांना यात काहीच पर्याय नाही.