रोजच्या नेसण्यासाठी टेरिकॉटचे धोतर : वर्षभर वापरल्यानंतर

लातूरच्या गंजगोलाईतून मागच्या चैत्रात मी टेरिकॉटची एक धोतरजोडी घेतली, त्याला आता वर्ष होऊन गेले. चाळीस वर्षे सुती धोतर नेसल्यावर पॉलिएस्टर-कापसाच्या या मिश्र धाग्याकडे वळणे मला सोपे गेले नाही, कारण आमच्याकडे टेरिकॉटचे धोतर म्हणजे लग्नातल्या आहेरात आलेले आणि ट्रंकेच्या तळाशी पडून राहिलेले धोतर, अशीच समजूत आहे. तरीही रोजच्या वापराला आता मी तेच काढतो, आणि त्याचे पहिले कारण पाणी हे आहे.

सुती धोतर पांढरेशुभ्र ठेवायचे तर ते रात्री भिजत घालावे लागते, साबण लावून घासावे लागते, दोन-तीन पाण्यांतून विसळावे लागते आणि त्यानंतर नीळ, खळ व इस्त्री असतेच. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याची साय कापडात बसते आणि सहा महिन्यांत धोतर मातकट दिसू लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या शहरात उन्हाळ्यात एका वस्त्रावर तीन बादल्या पाणी ओतताना माझा हात अजूनही अडखळतो. टेरिकॉटला एक बादली पुरते, खळ लागत नाही, आणि सकाळी सात वाजता दोरीवर टाकलेले धोतर आंघोळ-पूजा उरकेपर्यंत वाळलेले असते.

माझ्या जोडीत ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस आहे. कापूस हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. धोतर लवकर वाळते ते यामुळेच, आणि घाम टिपत नाही तेही यामुळेच. पायांशी धोतर मोकळे असते, वारा खेळतो, त्यामुळे तिथे त्रास होत नाही. परंतु निऱ्या खोचतो त्या जागी कापडाचे अनेक पदर एकावर एक येतात आणि वैशाखाच्या दुपारी तिथे घामोळे उठते. ते पंधरा-वीस दिवस मी सुती धोतराकडेच परततो.

नेसण्याची सवयही बदलावी लागली. सुताला सूत धरते. हा धागा गुळगुळीत असल्यामुळे कासोटा निसटतो. पहिल्याच आठवड्यात स्कूटरवर टांग टाकताना माझा कासोटा सुटला होता. आता निऱ्यांना एक घडी जास्त घालतो आणि खोचलेला भाग करदोड्याखाली घट्ट बसवतो, त्यानंतर तक्रार राहिलेली नाही.

आगीजवळ मात्र हे धोतर कधीही नेसू नये. समईची वात सारताना उडालेल्या एका ठिणगीने माझ्या धोतराला गव्हाच्या दाण्याएवढे भोक पाडले, आणि त्याची कड बोटाला काचेसारखी टणक लागते. सुती कापड जळते, हे कापड वितळून कातडीला चिकटते. म्हणून पूजेला आणि चुलीपाशी सुतीच. तसेच १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, मी खादीचेच धोतर नेसतो. त्या दिवशी सोयीचा विचार मनात येत नाही.

घेताना कापड पारखून घ्यावे, हे मी पैसे घालवून शिकलो. एका दुकानात मला ‘शंभर टक्के सुती’ म्हणून एक जोडी दिली गेली. घरी येऊन काठाचे दोन धागे काढले आणि काडी लावली, तर ते आकसून काळा कडक मणी झाला. सूत असते तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरली असती. दुकानदाराने जोडी परत घेतली नाही. मिश्र कापड वाईट नाही, पण ते सुती म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि गंजगोलाईत बाहेरगावाहून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला ती येते याचे मला अधिक वाईट वाटते.

वर्षभरानंतर जोडीचा शुभ्रपणा टिकून आहे. स्कूटरच्या सीटवर घासणाऱ्या भागावर बारीक गोळे आले आहेत, ते लांबून दिसत नाहीत. काठ मात्र जरा आकसला आहे आणि त्यामुळे निऱ्या खालून सरळ पडत नाहीत. पुढची जोडी मी अरुंद काठाची घेणार आहे.