मनाचा तळ: कादंबरीत आणि पडद्यावर

भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’ कादंबरीत धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने गेल्यावर नायक पांडुरंग सांगवीकरचे दुःख कोणी समजावून सांगत नाही, त्याची तुटक, स्वतःलाच टोचणारी वाक्ये वाचकाला थेट त्याच्या डोक्यात नेऊन बसवतात. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटात मात्र स्किझोफ्रेनिया (भास होणारा मनाचा आजार) झालेल्या शेषकडे आपण बरेचदा बाहेरून, अतुल कुलकर्णींच्या देहबोलीतून आणि बहिणीच्या ओढाताणीतून पाहतो. घरच्यांची दमछाक दाखवण्यात चित्रपट निःसंशय सरस आहे (पांडुरंगच्या वडिलांची बाजू आपल्याला कधी नीट कळतच नाही). पण पडद्यावरचा भास सर्वांना सारखाच दिसतो, शब्दांतला ज्याचा त्याने रचावा लागतो. म्हणून मला कादंबरीच अधिक अस्वस्थ करते.